सासुरवाडीखालची लोखंडाची खाण

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, ते मला ठाऊक आहे, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. हे उपरणं परवाच धुतलंय.

तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो आणि टेंभी नाक्याजवळ बिऱ्हाड केलं होतं. एके दिवशी मुंबईहून एक गोरा साहेब आला. त्याचं काम काय, तर पृथ्वीचं वरचं कवच कसलं आहे, त्यात काय दडलंय ते शोधायचं, आणि तेही कुदळ न लावता! त्याच्यापाशी एक पेटी होती. पेटीत उभं चक्र आणि चक्रात टांगलेली चुंबकाची सुई. सुई ठरलेल्या कोनात झुकायची. पण खालच्या खडकात लोखंड असलं, की तिचा झोक बदलायचा. त्यावरून साहेब जमिनीच्या पोटातलं ओळखायचा. आपले वैद्य नाडी बघतात ना, तसं.

साहेबाला मराठी येत होतं, पण ते परीक्षा देऊन शिकलेलं. बोलायला लागला की पोथी वाचतोय असं वाटायचं. तो आकडे सांगणार आणि मी शेजारी उकिडवा बसून लिहून घेणार, अशी वाटणी होती. शिवाय एक जोखमीचं काम माझ्याकडे होतं. यंत्राच्या आसपास लोखंडाचा कण राहता कामा नये, नाहीतर सुई चुकते. ते लोखंड हटवायचा अधिकार माझा. अहो, कारकुनाला अधिकार मिळाला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला हवं का?

ठाण्यात सगळं सुरळीत झालं. मग साहेब म्हणाला, "आता आपण आंबिवली ग्रामी जाऊ." माझी छाती फुगली. आंबिवली माझी सासुरवाडी! दिवाळी नुकतीच झाली होती आणि कचेरीपायी मला सासरी जाता आलं नव्हतं. सौभाग्यवती आधीच माहेरी होती. कल्याणहून छकड्यात बसून साहेबासकट जावई दारात उतरला, म्हणजे काय थाट असेल विचार करा.

सासऱ्यांनी राहिलेली दिवाळी तिथल्या तिथे उरकली. ओवाळणं झालं, नवं धोतर झालं, आणि वर एक अडकित्ता. काय देखणा होता म्हणून सांगू! पिवळाधमक पितळी, पोपटाच्या आकाराचा. मी तो पानाच्या चंचीत घातला, चंची कमरेला खोचली आणि कामाला लागलो.

सासऱ्यांच्या शेतातलं भात कापून झालं होतं. तिथेच पेटी मांडायची ठरली. मी लोखंड हटवायला सुरुवात केली. सासऱ्यांच्या कनवटीचा किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला. शेतावरच्या गड्यांचे कोयते बांधापलीकडे ठेवायला लावले. छकड्याच्या चाकांना लोखंडी धावा, म्हणून छकडा ओढ्यापार धाडला. टाचांना खिळे म्हणून साहेबाचे बूटसुद्धा काढले, आणि साहेब बिचारा मोज्यांवर ढेकळं तुडवत उभा. घर शेताला लागूनच. तेव्हा सासूबाईंची विळीही मी गोठ्यामागे नेऊन ठेवली. त्या दिवशी जावयाला भाजीवाचून जेवावं लागलं, पण शास्त्रासाठी एवढं सोसायला नको?

साहेबाने सुई सोडली. सुई डुलली आणि भलतीकडेच जाऊन थांबली. साहेबाने भुवया वर केल्या. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

"या स्थळी भूमीच्या कवचात विपुल लोह असावे," साहेब म्हणाला.

मग पेटी विहिरीपाशी नेली. तिथेही लोखंड. खळ्यावर नेली, लोखंड. ऊन चढलं म्हणून ओसरीवर आणली, तिथे तर सुई जागेवर राहीना. मीच पुढे होऊन साहेबाला दाखवून दिलं, "साहेब, ही लोखंडाची शीर शेतातून निघते, विहिरीवरून, खळ्यावरून येते आणि नेमकी या घराखाली शिरते." साहेब माझ्या हुशारीवर खूश झाला. ती शीर कुणाच्या मागे मागे फिरतेय, हा विचार ना त्याला शिवला ना मला.

सासरे माझ्या तोंडाकडे बघत होते. "जावईबापू, आम्हाला कळेल असं काही सांगाल का?"

"मामा, पृथ्वी म्हणजे एक नारळ समजा," मी ऐटीत सांगितलं. "वरची करवंटी म्हणजे ही जमीन. तुमच्या करवंटीत लोखंड निघालंय. सरकार खाण काढणार!"

"आणि आमचं घर?"

"घर जाईल, शेत जाईल. पण काळजी नको. सरकार मोबदला देतं."

सासरे मटकन खाली बसले. आगगाडीच्या रुळांसाठी कल्याणकडच्या जमिनी कशा गेल्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार पिढ्यांनी बांध घालून केलेली ती भातखाचरं. त्यांनी बसल्या जागेवरून शेतावर एकवार नजर फिरवली. तेव्हा कुठे माझी ऐट उतरली.

आत गेलो तर सौभाग्यवती पाठ करून उभी. "इकडून दिवाळीला यायला जमलं नाही, ते एक परी बरं होतं," ती म्हणाली. "येणं झालं ते माझं माहेर खणून काढायलाच." आणि पदराने डोळे पुसत चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाला, "वरिष्ठांस कळविण्यापूर्वी एकवार पुन्हा पाहू." मी चंची उचलली, आणि तो पोपट हातात आला. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांचं घर उठवायला निघालो, त्यांनीच दिलेला अडकित्ता कुठल्या तोंडाने मिरवायचा? मी तो गुपचूप सासऱ्यांच्या पानाच्या तबकात ठेवून दिला आणि खाली मान घालून शेतात गेलो.

साहेबाने सुई सोडली. सुई शहाण्यासारखी ठाण्यात थांबायची तिथेच थांबली. विहिरीपाशी तेच. खळ्यावर तेच. ओसरीवरही तेच. साहेब पार बुचकळ्यात पडला.

"लोह कोठे गेले?"

"गेलं?" सासरे ताडकन उठले. "लोखंड गेलं म्हणता?" त्यांनी आत हाक मारली, तबक मागवलं, साहेबाला विडा दिला. आणि आनंदाच्या भरात तबकातला अडकित्ता उचलून माझ्या हातात कोंबला. "अहो जावईबापू, हा इथेच विसरलात की. घ्या, सुपारी कातरा!"

मी पेटीशेजारी बसलेलो. सुईने गर्रकन मान वळवली.

साहेबाने सुईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दोन बोटांनी अडकित्ता उचलून पेटीजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. सुई त्याच्या तालावर नाचत होती.

"हे काय आहे?"

"साहेब, हा पितळेचा आहे."

"आणि याचे पाते?"

पातं! पितळेच्या पात्याने सुपारी कातरली गेली असती, तर हवं काय होतं? पोपटाच्या पोटाखाली लखलखीत पोलादी पातं होतं. अख्ख्या गावाचं लोखंड गोळा करणारा मी, आणि लोखंड माझ्याच कमरेला!

आता नोकरी गेली, असं मला वाटलं. पण साहेब हसायला लागला तो पोट धरून. दाराआड सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसत होती. ते पाहिल्यावर मात्र माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. घर राहिलं, शेत राहिलं. त्यापुढे माझी फजिती म्हणजे काहीच नाही, असं मला मनापासून वाटलं. अगदी ढसाढसा रडावं इतकं बरं वाटलं.

सासऱ्यांना मात्र अजून खात्री नव्हती. ते हात जोडून पुढे आले. "म्हणजे साहेब, आमच्याकडून सरकार काहीच नेणार नाही ना?"

साहेबाने बूट चढवले आणि माझ्या दंडाला धरून मला उभं केलं.

"येथे जे उपद्रवी होते, तेवढे मी ठाण्यास परत नेतो."

सासऱ्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि साहेबाला लवून नमस्कार केला.

"न्या, साहेब, खुशाल न्या. याचा मोबदलासुद्धा नको."