आशालताबाईंकडचा गोलकीपर

आशालता पेडणेकरांचा बर्फाशी संबंध होता तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यापुरता. गिरगावात वाढलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या पाठोपाठ सिंगापूरला आलेल्या या बाई बेडोकच्या एका ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर राहत. नवरा गोपीनाथ जहाजावर इंजिनिअर, म्हणजे वर्षाचा मोठा भाग पाण्यावर. घरात त्या आणि चौदा वर्षांची चैताली. चैतालीला कुठूनशी बर्फावरच्या हॉकीची गोडी लागली होती. दर शनिवारी एमआरटीनं बेट ओलांडून ती पार जुरोंगच्या रिंकवर जाई आणि नाक लाल करून परत येई. आशालताबाई म्हणत, "बाहेर घामाच्या धारा, आणि ही पैदा केलेल्या थंडीत कुडकुडायला जाते!" पण अडवत नसत.

पंच्याण्णव सालच्या जूनच्या सुट्टीत क्लबनं ज्युनिअर मुलांची स्पर्धा भरवली. बाहेरदेशच्या संघांतल्या मुलांनी हॉटेलात न राहता कुणाच्या तरी घरी राहावं, अशी कल्पना होती. क्लबच्या बैठकीत, "कोण ठेवून घेईल?" असं विचारल्यावर चैतालीनं हात वर केला आणि घरी येऊन आईला सांगितलं, "मम्मी, मी हो म्हटलं. कॅन, लाह? चालेल ना?"

"आधी हो म्हणायचं आणि मग विचारायचं! आणि जेवायला काय घालू मी त्याला?"

"एनीथिंग. ही इज अ गोलकीपर."

यातून आशालताबाईंना काहीच बोध झाला नाही.

मुलगा आला तो कझाकस्तानचा. नाव येरलान, वय सोळा, अंगानं थोराड, गालांवर अजून बाळसं. क्लबचे सेक्रेटरी श्रीनिवास गोखले त्याला घेऊन आले. ते गोपीनाथचे जुने मित्र. मुलाच्या खांद्यावर एवढी मोठी बॅग होती की ती लिफ्टमधून आधी आणि तो नंतर असं आणावं लागलं. बॅग उघडली आणि घरभर असा वास पसरला की आशालताबाईंनी पदरानं नाक झाकलं.

"वहिनी, गोलकीपरचं सामान आहे," श्रीनिवास ओशाळून म्हणाले. "घामानं भिजतं, मग वाळत नाही."

"वाळत नाही म्हणजे? बघते ना मी."

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायच्या बांबूंवर खिडकीबाहेर मुलाची पायावरची गाद्यांसारखी पॅडं, छातीचं चिलखत आणि प्रचंड हातमोजे लटकत होते. शेजारच्या रोकियाबाईंनी दारात येऊन विचारलं, "आशा, नवीन मॅट्रेस घेतलीस?" रोकियाबाई मलायी, आशालताबाईंच्या पिठामिठाच्या मैत्रीण. दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या मलायीत चाले.

येरलानला इंग्रजी येत नव्हतं. त्याच्या प्रशिक्षकाला जेमतेम येत होतं. मुलगा मुकाट्यानं जेवायचा, ताट स्वतः घासायचा आणि खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसायचा. आशालताबाईंना ते बघवेना. "अगं, पाहुणा आहे की कैदी?" त्या चैतालीला म्हणाल्या. त्यांनी थालीपीठ केलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. मुलानं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं मागायला लाजला. त्यांनी न विचारता वाढलं. तेवढीच काय ती ओळख झाली.

पहिले सामने झाले. येरलाननं गोल अडवले, संघ पुढे गेला. चैताली घरी येऊन हातवारे करकरून सांगायची आणि तो नुसता हसायचा. अंतिम सामन्याच्या सकाळी मात्र तो उठलाच नाही. आशालताबाईंनी कपाळाला हात लावला तर चटका बसला. मानेवर, कानामागे पाण्याचे फोड होते. डॉक्टरकडे नेण्याआधीच त्यांनी ओळखलं. कांजिण्या!

त्या दिवशी त्याच्याविना संघ हरला. पण खरी अडचण पुढेच होती. फोड सुकल्याशिवाय विमानात घेणार नव्हते आणि संघाची तिकिटं दुसऱ्याच दिवसाची. प्रशिक्षक आणि श्रीनिवास दोघं आले. प्रशिक्षक मोठा आडदांड माणूस, पण डोळे लाल. त्याच्यावर बाकीच्या सगळ्या मुलांची जबाबदारी, मागे राहता येईना.

श्रीनिवास म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर भार नको. हॉस्पिटलमध्ये ठेवू. आम्ही येऊन-जाऊन राहूच."

आशालताबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मुलगा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो रडतोय हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

"चैतालीला कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्यात. मलाही," त्या म्हणाल्या. "घरात आलेलं पोर आजारी पडलं म्हणून बाहेर काढायचं? हे नाही जमणार मला. राहू दे इथंच."

"भाषेचं काय करणार?"

"तापाला भाषा लागते होय?"

असं ठणकावून म्हणाल्या खऱ्या, पण संघ गेला आणि ताप चढला तशा त्या घटकेघटकेला त्याच्या कपाळाला हात लावून पाहू लागल्या. परक्याचं पोर. काही बरंवाईट झालं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवणार? गोपीनाथचा फोन आला तेव्हा त्यांनी मन मोकळं केलं. तो कुठल्याशा बंदरातून ओरडून बोलत होता, "मी घरी नाही तर तू मुलगाच आणलास?"

"चेष्टा नको हो. मला भीती वाटते."

तो म्हणाला, "आशा, मला मद्रासला कावीळ झाली होती, आठवतं? जहाज पुढे गेलं. त्या खानावळवाल्या आजींनी मला ताक-भातावर जगवलं. त्यांच्याशी मी काय बोललो असेन? दोन शब्द. तू कर. तुला जमेल."

मग त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. मऊ भात, तूप, मीठ. आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला हवा होता. तो कुठे मिळेल म्हणून त्या आपल्याकडचा भाजीपाला मिळणाऱ्या टेक्काच्या बाजाराला निघाल्या, तर दारातच रोकियाबाई फांदी घेऊन उभ्या. "दाऊन सेमांबू," त्या म्हणाल्या. "कांजिण्यांना हाच. माझ्या सगळ्या पोरांना हाच लावला." कडुलिंबच होता तो. आशालताबाईंनी फांदी कपाळाला लावली आणि रोकियाबाईंचा हातही धरून ठेवला.

ताप उतरल्यावर त्या मुलाला आंघोळ घालायला घेऊन गेल्या. सोळा वर्षांचा घोडा लाजून लाल झाला. त्यांनी त्याला चड्डीवर स्टुलावर बसवलं, पाल्याचं पाणी पाठीवर ओतलं आणि आपल्याच नादात मराठीत पुटपुटल्या, "आज साबण नको हं, साबणानं आग होईल."

मुलानं चमकून मान वळवली. "साबिन?" त्यानं कोनाड्यातल्या वडीकडे बोट दाखवलं.

"साबण."

"साबिन!"

दोघांचा शब्द एकच निघाला! मग मुलाला चेव चढला. आंघोळ होते न होते तोच तो टॉवेल गुंडाळून घरभर बोटं दाखवत सुटला. त्याच्या घरी रशियन नव्हे, कझाक बोलत असत. त्यातले शब्द तो एकेक काढून समोर ठेवू लागला. चहाच्या कपाला "शाय". खिडकीखालच्या मंडईला "बझार". कोपऱ्यावरच्या वाण्याला "द्युकेन". आशालताबाई प्रत्येक शब्दाला टाळी देत होत्या, "बाजार! दुकान! अरे, मग इतके दिवस मुका का बसला होतास?" चैताली शाळेच्या शिकवणीवरून आली तर आई आणि पाहुणा स्वयंपाकघरात कांदा हातात धरून हसत होते.

"व्हॉट हॅपन्ड?" तिनं विचारलं.

"पियाझ," आशालताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हिंदीतला प्याज गं! ह्यांच्याकडेही पियाझच!"

त्या दिवसापासून तो त्यांना "आपा" म्हणू लागला. त्याच्याकडे आईला, आजीला, मान द्यायच्या कुणाही बाईला तसं म्हणत. मग फोड खाजवायला हात गेला की आपा चापटी मारत, आणि तो थालीपीठ मागायला लाजेनासा झाला.

एका दुपारी त्याच्या आईचा फोन आला. कुठल्याशा पोस्टातून लावलेला, खरखरणारा. मुलगा बोलला, हसला, थोडा रडला आणि फोन आपांच्या हातात दिला. पलीकडून एक बाई घाईघाईनं काही सांगत होती. आशालताबाईंना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी मराठीत सुरुवात केली, "बाई, पोर बरं आहे. ताप गेला. जेवतो पोटभर. चेहऱ्यावर डाग राहणार नाहीत, मी खाजवू देत नाही. तुम्ही काळजी करू नका." ती बाई थांबून ऐकत होती. मग तिचा हुंदका आला आणि "राहमेत, राहमेत" एवढंच ऐकू येत राहिलं. फोन ठेवल्यावर मुलानं छातीवर हात ठेवून, वाकून दाखवलं: राहमेत म्हणजे आभार.

खपल्या धरल्या, गळाल्या. परतीचं तिकीट आलं. पण मुलाचा चेहरा उतरलेलाच. चैतालीनं कारण काढून घेतलं. इतक्या लांब येऊन अंतिम सामना न खेळताच जायचं, याचं त्याला वाईट वाटत होतं. आशालताबाईंनी श्रीनिवासना फोन लावला. "भाऊजी, सामना तर गेला. पण ह्याला एकदा त्या बर्फावर उभं करता येईल का? तुमच्या क्लबची पोरं येतील का?"

पोरं आली, झाडून सारी. सकाळी रिंक उघडायच्या आधी मॅनेजरनं त्यांना आत घेतलं. आशालताबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. साडीवर गोपीनाथचं जहाजावरचं जाड जाकीट, पायात चैतालीचे मोजे. काचेला नाक लावून त्या उभ्या राहिल्या.

तो बर्फावर उतरला आणि त्यांना आपलाच पाहुणा ओळखू येईना. खुर्चीच्या टोकावर बसणारा, अंग चोरणारा मुलगा तिथं नव्हताच. दोन खांबांमध्ये तो किल्ल्याच्या दरवाजासारखा उभा राहिला. क्लबच्या मुलांनी एकामागून एक काळ्या रबरी चकत्या त्याच्यावर मारायला सुरुवात केली. पहिली छातीवर धाडकन आदळली तशा आशालताबाई किंचाळल्या, "अरे, आत्ताच बरा झालाय तो! हळू मारा!" श्रीनिवास हसू आवरत म्हणाले, "वहिनी, त्याचं कामच ते." पण बाईंना राहवेना. त्याच्या पोटावर चकती आली की यांचा हात स्वतःच्या पोटावर जाई. त्यानं पाय पसरून खाली झोकून देत एक अडवली, हातमोज्यात एक हवेतच झेलली. चैतालीनं धावत येऊन मारलेलीही त्यानं अडवली, तेव्हा आशालताबाई पोटच्या मुलीविरुद्ध टाळ्या पिटत होत्या.

शेवटी त्यानं मुखवटा वर केला. केस घामानं चिकटलेले, तोंडभर हसू. काचेपाशी येऊन तो ओरडला, "आपा! जाकसी?"

बरं झालं का, असं विचारतोय हे त्यांना न सांगता कळलं. "झकास!" त्या ओरडल्या.

विमानतळावर त्यानं वाकून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी त्याच्या बॅगेत भाजणी कोंबली होती. आता त्या सामानाला भाजणीचा वास लागेल की भाजणीला सामानाचा, यावर चैताली आणि त्या घरी येईपर्यंत वाद घालत राहिल्या. घरी आल्यावर मात्र दोघींनी त्याच्या खोलीचं दार थोडा वेळ उघडलंच नाही.

पुढे येरलान आपल्या शहराच्या मोठ्या संघात खेळला. मग गुडघा दुखावला आणि तो लहान मुलांना गोल अडवायला शिकवू लागला. नवीन वर्षाला त्याचा फोन न चुकता येई. पेडणेकरांच्या घरात मग दर स्पर्धेला कुणी ना कुणी उतरू लागलं, कधी कोरियाचा, कधी ऑस्ट्रेलियाचा. क्लबवाले आधी त्यांनाच विचारत. त्यांची अट एकच असे.

"गोलकीपर द्या मला," आशालताबाई श्रीनिवासना सांगत. "बाकीची पोरं धावतात, मारतात, मजा करतात. मार खाऊन जागेवर उभं राहतो तो हाच एकटा. त्याला घरी आल्यावर नीट वाढायला कुणी नको का?"