वाटीच्या तळाला चीक

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या एका इस्पितळात मी नर्स होते. माझं वजन असं, की मी वॉर्डात शिरायच्या आधीच खाटा करकरायला लागायच्या. पण त्या आठवड्यात माझं सगळं लक्ष दुसऱ्याच एका वजनावर होतं. सातव्या महिन्यात जन्मलेली पोर, बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत कापसात गुंडाळून ठेवलेली. मांजराचं पिल्लू तिच्यापुढं पैलवान दिसलं असतं. ओढून प्यायचं बळ तिच्यात नव्हतं. आईचं दूध वाटीत काढायचं आणि ड्रॉपरनं थेंबथेंब पाजायचं. पण वाटी कोरडी. नुसत्या साखरपाण्यावर वजनाचा काटा रोज खाली.

"दूधच येत नाही हो सिस्टर," आई रडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीत गेले, तर तिची मैंदर्गीची कानडी सासू सुनेला भिंतीशी उभी करून तिचा पिवळा, घट्ट चीक मोरीत पिळून टाकत होती! माझ्या हातातलं भांडं असं पडलं, की गावातल्या तळ्यातले मासे हबकून काठावर आले असतील.

"अव्वा, हे काय करताय?"

"तीन दिस चीक टाकायचाच की. पोराला बादतो."

"आणि म्हशीचा?"

"त्याचा खरवस करतो की! म्हस येगळी, बाई येगळी."

डॉक्टरांचं नाव घेऊन उपयोग नव्हता. ते तिच्या नातवाच्या वयाचे. मग मी ठेवणीतली थाप काढली. "अव्वा, मी सहाव्या महिन्यातली. बापानं तंबाखूच्या डबीत घालून घरी नेलं. आईनं चिकावर जगवलं. आता बघा!"

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वेळ लागला. "लई खोटं बोलतीस, बाई."

खोटंच होतं. मी पुरे दिवस भरून, वर पंधरा दिवस रेंगाळून आलेली. माझ्या वाट्याचा चीक आजीनं परसातल्या शेवग्याला घातला होता.

मी तिला हाताला धरून पेटीपाशी नेलं. तेवढ्यात पोरीचे ओठ निळे पडले. श्वास थांबला. माझ्याजवळ एकही थाप उरली नाही. मी तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या टिचकीला ती कण्हली. म्हातारीनं ते सगळं जवळून पाहिलं. तिनं वाटी उचलली आणि सुनेपुढं बसली. "काड, पोरी."

तळ झाकेल इतकाच निघाला. तेवढा पाजला. दुपारी पुन्हा तेवढाच.

काटा आधी थांबला, मग केसभर वर सरकला. बऱ्याच दिवसांनी पोरीला छातीशी धरलं. तिनं दोनदा ओढलं आणि थांबली. आम्ही तिघींनीही श्वास रोखला. मग हनुवटी पुन्हा हलली.

पोरीनं ओढलं त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवर आणखी एक अपुऱ्या दिवसांची बाळंतीण आली. म्हातारी तिच्या उशाशी जाऊन बसली.

"ह्या शिस्टर जन्मल्या तवा काडेपेटीत मावायच्या! चिकावर वाढल्या. म्या डोळ्यानं बगितलंय. व्हय की न्हाय, शिस्टर?"

"व्हय की, अव्वा," मी म्हणाले. डोळे त्या नव्या वाटीच्या तळावर होते. तो अजून कोरडाच होता.