पाहुण्यांसाठी धुतलेली टाकी

परवा आमच्या खोलीचं गळकं छत बघायला इंजिनियर येणार होते. सून सकाळपासून कामाला लागली. भिंतीवरची बुरशी खरवडली आणि वरून चुन्याचा हात मारायला निघाली. मी पलंगावरूनच ओरडले, "अगं, ठेव तो ब्रश! ओल दिसलीच नाही तर तो दुरुस्त काय करणार, माझं कपाळ?"

ती म्हणाली, "आई, परका माणूस घरात येणार. असं बरं दिसतं का?"

बरं दिसतं का! हे ऐकलं आणि मला आमच्या ह्यांची टाकी आठवली. तिला सांगितलं तेच इथे लिहिते. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, सांभाळून घ्या.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आम्ही घोडपदेवला चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. हे नेव्हीच्या गोदीत रंगारी. रंगारी म्हटलं की लोकांना भिंती आठवतात, पण ह्यांचं काम जहाजाच्या पोटात. जहाजाच्या तळाशी लोखंडी टाक्या असतात. आत शिरायला खांदे तिरके करावे लागतील एवढंच भोक. आत उकिडवं बसून गंज ठोकून काढायचा आणि शेंदरी रंग द्यायचा. वारा कुठून येणार तिथे? रंगाची वाफ आतल्या आत कोंडायची. संध्याकाळी हे घरी यायचे ते जिन्याच्या भिंतीला हात लावत. तेव्हा दारूबंदी होती. चाळीतले लोक चेष्टा करायचे, "काय भाऊ, कुठली हातभट्टी? आम्हालाही पत्ता द्या की!" सासूबाई मालवणकडच्या. त्यांना सुरुवातीला खरंच वाटायचं. "पिऊन इलस काय रे?" म्हणत तोंडाचा वास घ्यायच्या. वास यायचा तो टर्पेंटाइनचा. मग गुळाचा खडा पुढे करायच्या.

गोदीतच सैन्याची एक प्रयोगशाळा होती. तिथे एक तरुण साहेब होते, गिरगावातले. वेगवेगळे रंग दिलेले पत्रे समुद्रात टांगून ठेवायचे आणि कुठल्यावर किती कालवं चिकटली ते बघायचे, हे त्यांचं काम. ते पत्रे ओढून काढायला हे मदतीला जायचे, तिथली ओळख. पुढे साहेब रविवारी कधीतरी घरी येऊ लागले. पाटावर मांडी घालून बसायचे, सासूबाईंच्या हातची सोलकढी मागून घ्यायचे आणि ह्यांना विचारत राहायचे. डोकं कधी दुखतं, खोकला सुका की ओला, टाकीतून वर आल्यावर डोळ्यांपुढे काय होतं. हे हसून म्हणायचे, "साहेब, लग्न जुळवताय का माझं?"

साहेबांच्या मनात काय होतं ते आम्हाला मागाहून कळलं. प्रयोगशाळेला संशोधनाचा पैसा दिल्लीहून यायचा आणि तो सगळ्याला पुरायचा नाही. मग आधी कशाला द्यायचा आणि मागून कशाला, हे ठरवायला दिल्लीची समिती यायची. त्या खेपेला तीन विषय पुढे होते. एक, जहाजाच्या तळाला कालवं चिकटू नयेत असा रंग. दुसरा गंजाचा. आणि तिसरा साहेबांचा: टाकीतली हवा माणसाच्या छातीचं काय करते, आणि टाकी धुतलेलं पाणी समुद्रात सोडतात, त्याने तिथल्या मासळीचं काय होतं. समिती जहाजावर येऊन टाकी बघणार होती. साहेबांना वाटलं, एकदा त्यांनी भोकातून डोकं आत घातलं की आपल्याला काही बोलायला नको.

पण रंगाऱ्यांना त्यांनी हे सांगितलं नाही. सांगितलं तर कोणीतरी मुद्दाम खोकेल, नाटक करेल, आणि मग खऱ्यालाही खोटं ठरवतील, अशी त्यांना भीती. फार सरळ माणूस. एवढंच म्हणाले, "दिल्लीहून मोठे लोक येणार आहेत, तुमचं काम बघायला."

झालं! दिल्लीहून!

ते दिवस कसे होते सांगू? लालबाग-परळला रोज सभा, घराघरांत तीच चर्चा. दिल्ली आम्हाला मुंबई द्यायला तयार नव्हती. वर काही शहाणे म्हणत, ही मराठी माणसं हमाली करतील, मुंबई काय चालवणार? सरकारी नोकरी म्हणून ह्यांना मोर्च्यात जाता येत नव्हतं. शेजारचे घसा बसेपर्यंत घोषणा देऊन यायचे आणि हे गॅलरीत नुसते उभे. ती सगळी सल त्या टाकीवर निघाली.

"दिल्लीवाल्यांना दाखवू," हे म्हणाले, "मराठी माणूस काम कसं ठेवतो ते. पान मांडून जेवावं अशी टाकी करतो बघ."

सगळे रंगारी झटले. रंग देणं दोन दिवस आधीच थांबवलं. झाकणं उघडी टाकली. कँटीनमधून एक मोठा पंखा उसना आणून भोकाशी लावला. आतून सोड्याच्या पाण्याने पुसून काढलं. कोणीतरी भोकाच्या कडेला झेंडूची माळसुद्धा लावली. मीही मागे नव्हते. कामाचे कपडे उकळून धुतले, तांब्यात निखारे घालून कडक इस्त्री केली. सासूबाई म्हणाल्या, "आज माझो झील नवऱ्यासारखो दिसता." आणि खरंच नवरदेवासारखे दिसत होते हो.

संध्याकाळी आले ते फुलून. "अगं, त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी वाकून आत डोकं घातलं, मोठ्ठा श्वास घेतला आणि म्हणाले, आमच्या ऑफिसापेक्षा इथली हवा बरी! मग मलाच विचारलं, काही त्रास होतो का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नाही साहेब, आपली कृपा. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं का?"

"छान केलंत," मी म्हणाले.

रविवारी गिरगावचे साहेब आले. पाटावर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. "ती माळ कोणी लावली होती?"

"आम्हीच लावली," हे म्हणाले. "आवडली का त्यांना?"

साहेब हसल्यासारखे झाले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. तळाच्या रंगाला पहिला नंबर, गंजाला दुसरा. हवेची निकड दिसत नाही, पुढे बघू, असं समितीचं म्हणणं.

हे म्हणाले, "अहो, आम्हाला सांगायचं होतं ना."

"सांगायला हवं होतं," साहेब म्हणाले.

सासूबाई चुलीपाशी होत्या, त्या ह्यांच्याकडे वळल्या. "आणि तू रे? तुझ्या छातीचा तुका म्हायत नाय?"

साहेबांसाठी काढलेली सोलकढी पेल्यात तशीच राहिली.

पुढे बघू, पुढे बघू करत वर्षं गेली. तळाचा तो रंग चांगला निघाला म्हणे. जहाजं आपल्याच देशाची, त्याचं वाईट कसं वाटून घेणार? आणि मुंबईही मिळाली. त्या मे महिन्यात चाळभर दिवे लावले होते, खाली ढोल वाजत होता. हे हौसेने नवा सदरा घालून निघाले. परतताना पहिल्याच मजल्यावर पायरीवर बसले. मला म्हणाले, "तू हो पुढे. मिळाली गं... मुंबई." मध्ये श्वास घ्यावा लागला. मी पुढे गेले नाही, शेजारी बसले.

आणखी थोडी वर्षं काढली त्यांनी. घरात भिंतीला ह्यांचा फोटो लागल्यावर साहेब एकदा आले, केस पिकू लागलेले. पाटावर बसले. साहेबांच्या विषयाला शेवटी पैसा मिळाला होता, काम पुरं झालं होतं. "आता वहिनी, हवा तपासल्याशिवाय कोणाला टाकीत उतरवत नाहीत," ते म्हणाले. "प्रत्येक भोकाशी पंखा लावायचा, असा नियमच झालाय."

सासूबाईंना तोवर नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"पंखो तर तेवाच आणलो होतो," त्या म्हणाल्या. "मगे परत कित्याक दिल्यान तो?"

मीच म्हटलं, "उसना होता हो, आई. पाहुणे गेले, परत देऊन आले."