रॅम डिस्कवरचा गुप्त अर्ज

बायकोपासून लपवायची गोष्ट रॅम डिस्कवर ठेवावी, हा शोध माझा आहे.

तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. घरी नवा पीसी होता. त्याच्या मेमरीचा एक हिस्सा वेगळा काढून मी रॅम डिस्क बनवली होती. फाइल झटपट उघडायची. फक्त वीज गेली की सगळं साफ! (तुम्हाला हा दोष वाटेल. मला गुण वाटला.) उन्हाळ्यात दिल्लीची वीज संध्याकाळी सातला जायचीच. पुरावा आपोआप नष्ट!

पुरावा असा. वर्षाला, म्हणजे बायकोला, दिल्लीत बारा वर्षं काढल्यावर आता पुण्याला परतायचं होतं. मीही "हो हो, बदली मागतो" म्हणायचो. पण माझ्याशिवाय आमचं खातं चालणार नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती! म्हणून रविवारी दुपारी, ती शेजारी गेलेली असताना, मला दिल्लीतच ठेवावं असा अर्ज टाइप केला. कारण लिहिलं, 'पत्नीची प्रकृती नाजूक असून तिला दिल्लीचीच हवा मानवते.' प्रिंट खिशात घातली, तेवढ्यात ती आलीच. मी घाईघाईनं स्क्रीन तेवढा बंद केला आणि फिरायला सटकलो.

बरोबर सातला कॉलनीत अंधार! मी खुशीत जिना चढलो. घरोघरी मेणबत्त्या, आमच्याकडे मात्र निळा उजेड. स्क्रीनसमोर वर्षा, शेजारी गाझियाबादहून आलेला तिचा भाऊ अनिल, आणि टेबलाखालून पीं-पीं आवाज.

"सरप्राइज, भाऊजी! यूपीएस!" अनिल म्हणाला. "सकाळी तुम्ही भाजीला गेलात तेव्हाच गुपचूप लावून गेलो. ताईची आयडिया. आता लाइट गेली तरी पीसी बिल्कुल बंद पडणार नाही!"

"वाजायला लागला म्हणून स्क्रीन लावून बघितला," वर्षा म्हणाली. "अहो, माझी प्रकृती नाजूक?"

"अच्छा, ते... नमुना होता यार!" (बायकोला मी 'यार' फक्त संकटात म्हणतो.)

"काल सिलेंडर दोन जिने मी चढवला! तुम्ही कंबर धरून मागून येत होता!"

अनिल यूपीएसचं माहितीपत्रक एकाग्रतेनं वाचू लागला. मला मात्र खरोखर लाज वाटली. ती माझ्या कामाची काळजी करत होती, आणि मी कागदोपत्री तिची तब्येत बिघडवत होतो.

तिनं तिथंच बसवून पुण्याच्या बदलीचा अर्ज टाइप करून घेतला. हार्ड डिस्कवर! सोमवारी मी तो जड हातानं साहेबांपुढे ठेवला. वाटलं, साहेब हादरतील, गयावया करतील, निदान महिनाभर तरी फाइल अडवतील.

साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली आणि मोठ्या आशेनं विचारलं, "कल ही निकल पाओगे?"