कोठीवरच्या गयावयनी

आमच्या गयावयनी कोणत्याही लग्नाला गेल्या, की मांडवात पाऊल टाकायच्या आधी एकच विचारायच्या, "कोठी कुठं केली?" नवरी कोण, नवरदेव कसा, हे मागाहून. आधी कोठी.

कोठी म्हणजे लग्नघरातली सामानाची खोली. तेलाचे डबे, साखर, बुंदीच्या पराती, आहेराची लुगडी, पाहुण्यांच्या पेट्या, सगळं तिथं. तिथं बसायला घरातलं इमानी माणूस लागतं, आणि आमच्या साऱ्या भावकीत ते माणूस एकच होतं. गयावयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर धावड्याला. भाऊ लवकर गेला, पदरात एकुलता एक दत्ता. वयनी गव्हाच्या पोत्यावर मांडी घालून बसत. आचारी दुसऱ्यांदा तेल मागायला आला की म्हणत, "मघाचं काय अंगाला चोळलं का रे?" लेकरांनी लाडू मागितला तर प्रत्येकाच्या हातावर अर्धा. उरलेला अर्धा जेवल्यावर. "खाणाऱ्याचं तोंड दिसतं, नेणाऱ्याचा हात दिसत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कोठीतून वाटीभर साखर कधी इकडची तिकडं झाली नाही.

मला राग येतो तो इथून पुढं.

मंगलाष्टकं सुरू झाली की सगळं घर मांडवात पळायचं. वयनी जागेवरच. भिंतीआडून त्या अष्टकं ऐकायच्या आणि मुठीतल्या अक्षता तिथूनच दाराच्या दिशेनं टाकायच्या. दत्ताचं लग्न लागायच्या वेळी मी घाईघाईनं त्यांना बोलवायला गेल्तो. पोचेस्तोवर लग्न लागून गेल्तं. कोठीच्या उंबऱ्यावर रंगवलेली ज्वारी सांडली होती. पोटच्या पोराच्या लग्नाच्या अक्षता. मी म्हणालो, वयनी, हे काय? तर म्हणाल्या, "पोचतात, भाऊजी."

आणि भावकी काय म्हणायची? गयाबाई हाय म्हणल्यावर घोर न्हाई. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला वीट आलाय. माणसाला फुकट राबवायचं असलं की त्याची तारीफ करावी, त्याला खर्चा लागत नाही. मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही, पण एवढं मला बराबर समजतं.

दत्ताचं आता जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे, राहतो तिथंच मस्तगडला. मागं एका हिवाळ्यात त्यानं मोठी गाडी केली आणि सगळ्यांना समुद्र दाखवायला कोकणात काढलं. तो, त्याची बायको मंदा, त्यांची लेकरं, मंदाच्या माहेरचे काही जण आणि आम्ही दोन म्हातारी माणसं. मला तर बळंच बसवलं. वयनी मात्र आपण होऊन म्हणाल्या की मी येते. जन्मात त्यांनी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून मी चमकलो.

गाडीत बसताना त्यांनी एक पिशवी पायाशी घट्ट धरली. मंदानं विचारलं, आत काय आहे.

"कोरडं लुगडं. भिजल्यावर लागंल ना."

सगळे हसले. मी हसलो नाही. वाटेत त्या मला हळूच विचारत होत्या, समुद्राचा पल्याडचा काठ दिसतो का, पाणी नुसतं बघायचं असतं का आत जाऊ देतात. मला तरी काय ठाऊक? मी म्हणालो, जाऊन बघू.

गावाचं नाव घेत नाही, कारण गावाचा काही दोष नाही. लहानसं गाव, घरोघरी पाहुण्यांना खोल्या दिलेल्या. बायका-लेकरांसाठी हा बीच चांगला, असं दत्ता रस्ताभर सांगत होता, आणि ते खोटं नव्हतं. पाणी दूरवर उथळ. दारुड्यांचा तरास नाही. सुरूच्या झाडांची सावली, भेळेच्या गाड्या, घोडागाडी, एक कंटाळलेला उंट. माझ्या वयाचे म्हातारे चड्डीवर पाण्यात नाचून राह्यले होते आणि कोणी त्यांना नावं ठेवत नव्हतं.

झाडाखाली सतरंजी पडली. वयनी तिच्यावर बसल्या आणि लुगड्याचा काष्टा घट्ट करू लागल्या. तेवढ्यात मंदानं गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, लाटेत जाईल म्हणून, आणि त्यांच्या ओटीत टाकलं. मग बांगड्या. मग मोबाईल, घड्याळं, पाकिटं, मंदाच्या वहिनीची पोत. चपलांचा ढीग पायाशी. "माय, जरा बघ," दत्ता म्हणाला, आणि सगळे पळाले.

मी काठी टेकत गुडघ्याइतक्या पाण्यात जाऊन आलो. वाळूत जरा बसलो. तरी एकही माणूस परतलं नव्हतं. वयनी ओटी दोन्ही हातांनी धरून तशाच बसल्या होत्या. मी म्हणालो, चला, मी बसतो इथं. तर म्हणाल्या, "तुमी? तुमाला बसल्या जागी डुलकी लागती. बायकांचं सोनं हाय."

माझं डोकं तिथंच फिरलं. तरातरा पाण्यापाशी गेलो आणि दत्ताला चारचौघांत झापलं, की तुझी माय कोरडं लुगडं घेऊन आली अन् तू तिला चपला राखायला बसवलं. दत्ता हसला. म्हणाला, नाना, मायला पाण्याची भीती वाटती, तिला बसायलाच आवडतं. मंदा म्हणाली, कोणीतरी पाहिजेच ना सामानापाशी, आणि आत्याबाई असल्या की काळजीच नसते.

पुन्हा तेच वाक्य. कोकणात येऊनसुद्धा.

मी माघारी आलो आणि वयनींवर ओरडलो. "उठा. सामान जाऊ द्या खड्ड्यात. म्या सांगतो म्हणून उठा."

वयनींनी मान वर केली. त्यांना इतकं रागावलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि आवाज तर बिलकुल चढला नव्हता.

"भाऊजी, बसा म्हणणारे तुमीच, उठा म्हणणारेबी तुमीच. सारा जलम बसले. मला कोणी इचारलं का, गया, तुला काय करायचंय?"

मी म्हणालो, मी तर तुमच्या भल्याचं बोलून राह्यलो.

"समदे माझ्या भल्याचंच बोलतात."

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही.

त्या उठल्या. उठताना ओटी सैल सोडली. मंगळसूत्र, बांगड्या, मोबाईल, पाकिटं, सगळं सतरंजीवर खळखळ सांडलं, उघड्यावर. वाकून काही आवरलं नाही. एक मोबाईल वाळूत जाऊन पडला, तोही तसाच. चालायला लागल्या. आमची माणसं होती तिकडं नाही, दुसऱ्याच बाजूला, जिथं ओळखीचं कोणी नव्हतं. आणि मी? मी हलणार कसा? जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेसमोर सोनं पडलेलं. मनात शिव्या देत मी त्याच्यावर पंचा टाकला आणि बसलो.

बसल्या जागेवरून मला दिसत होतं. आधी घोटा बुडाला. मग त्या थांबल्या, खाली बघत राहिल्या. लाट आली, गेली, तशा जरा डगमगल्या. बाजूला कुठल्या तरी परमुलखातल्या बायका होत्या, त्यांच्यातल्या एकीनं हात पुढं केला. वयनींनी तो धरला. भाषा एकमेकींची काय समजली असेल देव जाणे, पण हसायला लागल्या. गुडघे, मांड्या, कंबर. मोठी लाट आली तशा दोघी पाण्यात बसल्या आणि वयनींच्या डोक्यावरचा पदर वाहून खांद्यामागं गेला. त्यांनी तो पुन्हा डोक्यावर घेतला नाही. पांढरे केस मोकळे सुटले होते. मी दीर आहे, मी मान वळवायला पाहिजे होती. नाही वळवली.

तेवढ्यात दत्ता आला, अंगावरून पाणी निथळत. सतरंजीवर मला एकट्याला बघून त्याचा चेहरा उतरला.

"नाना, सोनं कुठंय?"

मी पंचा उचलून दाखवला. त्यानं एक एक नग बघितला, मोजला, मंदाला हाक मारून सांगितलं की आहे सगळं. मग कपाळ पुसलं.

मी म्हणालो, "माय कुठंय, हे तू इचारलं न्हाई."

तो पाण्याकडं गेला. मायला हाका मारल्या. त्या आल्या नाहीत. मन भरलं तेव्हा, आपल्या आपण आल्या, थरथर कापत, ओठ निळे. झाडाआड जाऊन कोरडं लुगडं नेसल्या. येताना गाडीत त्यांच्याशी कोणी धड बोललं नाही. सोनं उघड्यावर टाकून जाणं कोणाला रुचलं नव्हतं. माझ्याशी त्याच बोलल्या नाहीत. घाट चढून आलो तेव्हा एकच म्हणाल्या, "पाणी पाय ओढतं हो भाऊजी. खालची वाळूच घेऊन जातं. आपली नदी असं करत न्हाई." आणि पायाचे तळवे हातानं चोळत बसल्या.

त्यानंतर त्यांना लग्नाची बोलावणी कमी झाली. म्हातारीचं आता काही खरं नाही, असं भावकीत बोलायला लागले. मला हे ऐकवायचे, मी ऐकवणाऱ्याला उभं करत नसे.

या उन्हाळ्यात वयनी गेल्या. तेरवीला धावड्याला मोठी पंगत झाली. मंदाच्या माहेरचे एक पाहुणे, चार पुस्तकं शिकलेले, माईक घेऊन उभे राहिले. त्यांनी चांगलंच सांगितलं म्हणा. गयाबाईसारखी बाई होणे नाही, सारा जन्म घर सांभाळलं, दुसऱ्याच्या चिजेला जीवापलीकडं जपलं. "जागची कधी हलली नाही ती माउली," असं म्हणून त्यांनी डोळे टिपले. दत्ता मान हलवत होता. पंगतीत बायकासुद्धा मान हलवत होत्या.

मी उभा राहिलो. माईक मला कोणी देणार नव्हतं, आणि मला लागतही नाही.

"हलली," मी म्हणालो. "समुद्रात गेल्ती. कंबरेइतक्या पाण्यात. कोणाला इचारलं न्हाई. म्या पाह्यलं."

वाढपी हातात वरणाची बादली घेऊन थांबला. दत्ता उठून माझ्यापाशी आला, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "नाना, बसा."

मी बसलो नाही.