ओळीने आठ चुका

हॉस्पिटलात मुलांची भाषा-चाचणी घेणाऱ्या बाईंना सगळे 'कडक बाई' म्हणत, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. एकोणीस वर्षं त्यांनी ती एकच चाचणी घेतली. पानावर चार चित्रं. बाई शब्द म्हणणार, मुलाने बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. सोपे शब्द आधी, अवघड नंतर. ओळीने आठ चुकले की वही मिटायची. चाचणी परदेशातली, शब्द तेवढे आपल्या भाषेत केलेले. सोपं काय नि अवघड काय, हे मात्र तिकडच्याच पोरांवरून ठरलेलं. आणि इकडे सगळे मुकाट माना डोलावणारे!

त्या सकाळी एका गवंड्याची पाच वर्षांची मुलगी समोर बसली. शाळेत ब्र काढत नाही, म्हणून पाठवलेली. गुण कमी पडले तर पहिलीऐवजी मतिमंद मुलांच्या वेगळ्या शाळेत रवानगी. चौदा शब्द जमले. मग टोस्टर, बर्फावरून घसरत जाणारी बर्फगाडी, फायरप्लेस... बाविसाव्या शब्दाला आठ चुका भरल्या. बाई वही मिटायला उठल्या, तोच पोरीने पानांचा गठ्ठाच उलटला आणि बोट ठेवलं.

"हा ओळंबा. बाबा यानं भिंत सरळ आहे का बघतात."

बाई पुन्हा खाली बसल्या. नियम गेला खड्ड्यात! कमान, पाया, तडा, गळती, उतार. शब्द पुरता होण्याआधी बोट चित्रावर. शेवटपर्यंत एकेचाळीस बरोबर आले.

विभागप्रमुखांनी कागद पाहिला. "बाई, तुम्हीसुद्धा? आठ चुकांनंतरचं मोजत नाहीत. चौदा लिहा."

"साहेब, बर्फगाडी तुम्ही तरी पाहिलीय का?"

"प्रश्न तो नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग कुठला आहे? तिकडच्या पोरांना ओळंबा जड जातो, म्हणून आमच्या पोरीला येत असूनही येत नाही म्हणायचं? मी चौदा लिहिणार नाही. काय करायचं ते करा!"

तिथेच उभ्याने त्यांनी शेरा लिहिला, 'मुलगी पहिलीसाठी योग्य', आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही ठोकली.

बाहेर बाकावर मुलीची आई बसली होती. बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं. अजून रागाने त्यांना धाप लागत होती. आईने हात जोडले, मग जरा घुटमळली.

"ताई, हिच्या थोरल्या बहिणीलाही तुम्हीच तपासलं होतं. ती वेगळ्या शाळेत जाते, चार वर्षं झाली. तिला विचारलं होतं का हो पुढचं?"

"नाही," कडक बाई म्हणाल्या. "तिला मी थांबवलं."