थांब्यावरचं खोड

माझे एक शेजारी संत्र्याच्या पेट्या ठोकत. बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवतानाही ते घास घेऊन चालत. तिसऱ्या घासाला ते थेट तिगावच्या स्टेशनावर दिसले, असं शपथेवर सांगणारे लोक पांढुर्ण्यात आहेत.

वादळात बसथांब्यावरचा कडुनिंब मोडला आणि कमरेइतकं खोड उरलं. शेजाऱ्यांनी त्यावर सकाळी मिरच्या कुटल्या, दुपारी न्हावी बसवला, संध्याकाळी रेडिओ ठेवला. एकही उपयोग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही.

मग त्यांना कळलं, की माझ्या आईनं सौंसरच्या डॉक्टरकडे जाणं सोडलंय. गुडघे सुजलेले, बसची पायरी उंच.

"मास्तर, मायले मंगळवारी तयार ठेवा," एवढं बोलून त्यांनी ते खोड करवतीनं बसच्या पायरीच्या निम्म्या उंचीवर आणलं.

मंगळवारी बस नेमकी खोडाच्या चार हात पुढे थांबली. शेजारी तिच्यासमोर आडवे झाले.

"ओ काका, पागल झाले का?" ड्रायव्हर ओरडला.

"माय चढून राहिली ना बे! गाडी मागं घे!"

बस मागे आली. आई एका पावलात खोडावर, दुसऱ्या पावलात बसमध्ये. कंडक्टरनं तिला सलाम ठोकला, निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगतो.

तिच्यामागून मीही चढलो. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. परतीची बस रस्त्याच्या पलीकडे, माझ्या दारापुढे थांबते. तिथल्या माझ्या हिरव्यागार चिंचेला शेजारी करवत लावून उंची मापत होते.

"मास्तर," ते ओरडले, "संध्याकाळी माय उतरन कशी?"

"गाडी थांबवा!" मी किंचाळलो.

कंडक्टर म्हणाला, "आता सौंसरलेच थांबन."